अतिवेगाने फिरणाऱ्या संहत वस्तूंभोवतील द्रव्यचकतीचे दर्शन

१९९९ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रमाण’ या भौतिकीविषयक नियतकालिकात के. डी. पाटील, आर. व्ही. सरायकर आणि एस. एच. घाटे यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पाटील हे सेवाग्राम येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गणित विभागातील, तर सरायकर नागपूर विद्यापीठाच्या गणित विभागातील. निबंधाचा विषय होता व्यापकीकृत वैद्य अवकाश-काळातील प्रबल वक्रतेच्या नग्न सिंग्युलॅरिटी. सेवाग्राम म्हटले की ज्या गोष्टी आपल्या मनात येतात त्यांत या विषयाची गणना कोणी करणार नाही. तथापि त्यानंतरही पाटील यांनी अधिक मितींच्या अवकाश-काळासंबंधी याच प्रश्नाचा पाठपुरावा सेवाग्रामहूनच केला. या परंपरेचे मूळ शोधू गेल्यास ते १९४३ पर्यंत जाते. कोल्हापूरचे वि. वा. नारळीकर बनारस येथे सापेक्षतेचे संशोधन करीत-करवीत असता त्यांचे सहकारी प्र. चु. वैद्य यांनी त्या वर्षी प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र मांडले, आणि तेच क्षेत्र काळाची दिशा उलटून आत कोसळणाऱ्या प्रारणाला लावता येते.

सिंग्युलॅरिटी म्हणजे अवकाश-काळाची वक्रता जेथे अमर्याद होते ते स्थान. कृष्णविवरात ते घटना-क्षितिजाच्या आड असते, आणि तेथून निघालेला प्रकाश बाहेर येत नाही. क्षितिजाचे हे आवरण नसेल तर तिला नग्न म्हणावयाचे. निसर्गात आवरण नेहमीच असते, अशी अटकळ पेनरोझ यांनी १९६९ मध्ये मांडली. ती आजवर सर्वसामान्यपणे सिद्ध झालेली नाही. विशिष्ट परिस्थितीत कोसळणाऱ्या द्रव्यातून किंवा प्रारणातून निघणारे काही प्रकाशकिरण दूरच्या निरीक्षकापर्यंत पोचू शकतात, असे दाखविणारी गणिते पुष्कळ झाली. सेवाग्रामचा निबंध त्यांपैकीच एक होय.

परंतु किरण बाहेर पडू शकतो हे सिद्ध केले म्हणजे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात काय चित्र उमटवील हे कळले असे होत नाही. असली वस्तू आकाशात असलीच, तर ती कृष्णविवराहून निराळी ओळखता येईल काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. वैद्यांचे क्षेत्र न फिरणाऱ्या वस्तूचे आहे. आकाशातील वस्तू मात्र स्वतःभोवती फिरतात, आणि कृष्णविवरांची परिवलने मोजण्याचा उद्योग आज मोठ्या प्रमाणावर चालू आहे. म्हणून परिवलन असलेले उदाहरण घेणे अधिक फलदायी होईल.

फिरणाऱ्या वस्तूभोवतीचे क्षेत्र रॉय कर यांनी १९६३ मध्ये शोधले. त्यात दोनच राशी येतात : वस्तुमान व कोनीय संवेग. कोनीय संवेगाला प्रकाशवेगाने गुणून, गुरुत्व-स्थिरांक आणि वस्तुमानाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागले असता एक निव्वळ संख्या मिळते. तिला आपण परिवलनांक म्हणू व ‘क’ या अक्षराने दर्शवू. क चे मूल्य १ पर्यंत असेल तर क्षितिज असते. ते १ च्या पुढे गेले की क्षितिजाचे समीकरण वास्तव उत्तरच देत नाही, आणि मधली सिंग्युलॅरिटी उघडी पडते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क हा १ पेक्षा मोठा असणे यात स्वतःहून काही विलक्षण नाही. सूर्याचा परिवलनांक सुमारे ०.२ भरतो, परंतु आपल्या पृथ्वीचा सुमारे ७४० आहे. चरख्याचे चाक घेतले, आणि त्याचे वजन एक किलो व गती सेकंदास दोन फेरे धरली, तर हा अंक १०¹⁸ च्या घरात जातो. या वस्तू आपल्या गुरुत्वीय त्रिज्येच्या मानाने इतक्या प्रचंड आहेत की कर-क्षेत्राचा आतला भाग त्यांच्या बाबतीत अस्तित्वातच येत नाही. पेच निर्माण होतो तो वस्तूचा आकार गुरुत्वीय त्रिज्येएवढा किंवा त्याहून लहान झाला असता. (गुरुत्वीय त्रिज्या सूर्याच्या वस्तुमानास सुमारे दीड किलोमीटर पडते. यापुढील सर्व अंतरे याच एककात दिली आहेत.) गिमॉन व होर्झावा यांनी २००७ साली अशी कल्पना पुढे केली की, तंतुसिद्धांताच्या नियमांनी अगदी आतला भाग बदलून टाकला, तर क १ पेक्षा मोठा असलेली, एककाहून लहान त्रिज्येची आणि सिंग्युलॅरिटीविरहित अशी वस्तू संभवते. तिला त्यांनी सुपरस्पिनार हे नाव दिले. बाहेरचे क्षेत्र करचेच. आत काय आहे ते पृष्ठभागाआड राहते.

आता चकतीकडे वळू. संहत वस्तूकडे ओढले जाणारे द्रव्य सरळ आत पडत नाही. त्याच्या अंगी कोनीय संवेग असल्यामुळे ते पातळ चकतीच्या रूपाने फिरत राहते, आणि घर्षणाने ऊर्जा गमावीत हळूहळू आतल्या कक्षांत सरकते. ही गमावलेली ऊर्जाच प्रकाशाच्या व क्ष-किरणांच्या रूपाने आपणास दिसते. स्थिर वर्तुळाकार कक्षांना आतून एक मर्यादा आहे. त्या कक्षेपाशी चकतीची कड येते, आणि तिच्या आत द्रव्य एकदम कोसळते. न फिरणाऱ्या कृष्णविवरापाशी ही कड ६ एककांवर असते. क = १ असता परिवलनाच्या दिशेने फिरणाऱ्या चकतीची कड १ वर, आणि उलट दिशेने फिरणाऱ्या चकतीची ९ वर असते.

कडेची त्रिज्या ‘र’ आणि परिवलनांक क यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे :

क = (√र ÷ ३) × [४ − √(३र − २)]

कृष्णविवराचे परिवलन मोजण्याची जी प्रमुख रीत आहे ती याच सूत्रावर उभी आहे. क्ष-किरणांच्या वर्णपटावरून चकतीच्या कडेचे तापमान व आकार काढावयाचा, त्यावरून र, आणि र वरून क. परंतु हे सूत्र मुळात एका वर्गसमीकरणाचे उत्तर आहे : र² − ६र + ८क√र − ३क² = ०. क साठी सोडविले असता त्याला दोन मुळे येतात. पाठ्यपुस्तके वजाचे चिन्ह ठेवून अधिकाचे चिन्ह सोडून देतात, कारण त्याने मिळणारा क १ पेक्षा मोठा येतो आणि कृष्णविवराला तो चालत नाही. सुपरस्पिनारला मात्र नेमका तोच लागू पडतो.

म्हणजे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दोन मुळांची बेरीज (८/३)√र असते. र = १ घेतला तर मुळे १ आणि ५/३ येतात; र = ६ ला ० आणि ६.५३; र = ९ ला −१ आणि ९ (ऋण चिन्ह उलट्या दिशेने फिरणाऱ्या चकतीचे). तेव्हा −१ पासून १ पर्यंतच्या प्रत्येक कृष्णविवराला ५/३ ते ९ या पट्ट्यात एक जोडीदार सुपरस्पिनार आहे, आणि दोघांच्या चकत्या अगदी एकाच अंतरावर संपतात. एवढ्यानेही भागत नाही. कडेवरील एकक वस्तुमानाची ऊर्जा ‘ऊ’ मानली तर ऊ² = १ − २/(३र), आणि यात क मुळीच नाही. म्हणून द्रव्याचा कितवा हिस्सा प्रकाशात रूपांतरित होतो याचाही आकडा जोडीदारांचा एकच येतो : र = ६ ला ५.७ टक्के, र = १ ला ४२.३ टक्के. दोन अगदी भिन्न वस्तू सारखाच हिशेब दाखवितात.

हा योगायोग निव्वळ कागदावरचा नव्हे. २८ सप्टेंबर १९१५ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१५ साली त्याच दिनांकास, भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. (सामान्य सापेक्षतेची समीकरणे त्याच १९१५ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाली, एवढाच या शताब्दीचा अर्थ.) त्यावरील मृदू क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. या उपग्रहाच्या आणि ‘चंद्रा’ वेधशाळेच्या वेधांवरून ४यू १६३०−४७ या जोडताऱ्यातील कृष्णविवराचा परिवलनांक २०१८ मध्ये ०.९२ असा प्रसिद्ध झाला, अनिश्चितता ०.०४. वरील सूत्राने याची कड २.१८ एककांवर येते. आता अधिकाचे चिन्ह घ्या : त्याच कडेचा दुसरा परिवलनांक ३.०२ आहे. वेधांत चूक नाही, हिशेबातही नाही. क १ च्या आत आहे हे मात्र त्या हिशेबाने सिद्ध केलेले नसून आरंभीच गृहीत धरलेले आहे. ताकाहाशी व हारादा यांनी २०१० मध्ये अशा चकत्यांचे क्ष-किरण वर्णपट काढून पाहिले. त्यांनाही या पट्ट्यातील सुपरस्पिनार व कृष्णविवर यांचे वर्णपट अतिशय सारखे आढळले.

क १ आणि ५/३ यांच्या दरम्यान असेल तर परिस्थिती निराळी. तेव्हा चकतीची कड १ च्याही आत शिरते; क = १.०८९ असता ती सर्वांत आत, २/३ वर असते, आणि तेथे ऊ शून्य होते. याहून लहान क ला, १ च्या किंचित पुढे, ऊ ऋण होते व हिशेबी कार्यक्षमता १५७.७ टक्क्यांपर्यंत जाते. शंभराहून अधिक टक्के हे शब्द वाचून दचकण्याचे कारण नाही. जादा ऊर्जा वस्तूच्या परिवलनातून येते, आणि तितके परिवलन घटते. असल्या चकतीचा वर्णपट कोणत्याही कृष्णविवराच्या वर्णपटाहून तीव्र असेल व ती लपून राहणार नाही. अडचण आहे ती जोडीदारांची.

चकती कोठे संपते यावरून भेद कळत नाही. मग तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते पाहावयास हवे, कारण तेथे क्षितिज असण्या-नसण्याने खरा फरक पडतो.

चकतीचे चित्र कसे दिसते याचा पहिला सुबक नमुना ल्युमिने यांनी १९७९ मध्ये तयार केला. संगणकाकडून आकडे घेऊन त्यांनी शाईचे ठिपके हाताने काढले होते. चकतीच्या पातळीच्या जवळून, कडेने पाहिले असता मागची बाजू कृष्णविवराच्या आड न जाता कमानीसारखी वर उचललेली दिसते, कारण तिचे किरण वरून वाकून येतात. चकतीच्या खालच्या पृष्ठाचे किरणही वळसा घालून येतात व त्यांचे दुसरे, बारीक प्रतिबिंब खाली पडते. आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश डॉप्लर परिणामाने नीलसृत व प्रखर होतो, दूर जाणारी बाजू मंद पडते. मधला काळा भाग म्हणजे ज्या दिशांनी पाहिले असता दृष्टी क्षितिजात जाऊन संपते त्या सर्व दिशांचा समूह.

हा काळा भाग सुपरस्पिनारच्या बाबतीत कसा बदलतो ते विषुववृत्ताच्या पातळीतील किरणांवरून सोपेपणाने कळते. दुरून येणाऱ्या किरणाची रेषा केंद्रापासून ज्या लंबांतराने जाते ते अंतर ‘ब’ मानू. वस्तूच्या परिवलनाच्या दिशेने वळसा घेणाऱ्या किरणाला ब धन, उलट जाणाऱ्याला ऋण. किरणाच्या त्रिज्य गतीचा वर्ग शून्य होतो तेथे किरण परत फिरतो. ही अट र³ − (ब² − क²)र + २(ब − क)² = ० अशी येते. डावी बाजू कमीत कमी कोठे होते ते पाहून स = ब + क असे लिहिले म्हणजे परत फिरण्याची शर्त पुढील घनपदीवर येऊन ठेपते :

स³ − २७स + ५४क

ब हा क पेक्षा मोठा असून ही राशी धन असेल तर किरण परत फिरतो. धन स साठी तिचे सर्वांत लहान मूल्य स = ३ येथे येते, आणि ते ५४(क − १) आहे. कृष्णविवरात क १ पेक्षा लहान असल्यामुळे हे मूल्य ऋण होते. म्हणजे परिवलनाच्या दिशेने जाणाऱ्या किरणांपैकी काही गिळले जातात व काळ्या भागाला त्या बाजूस स्पष्ट कड येते. क = १ ला ही कड ब = २ वर पडते. परंतु क १ च्या पुढे गेला की राशी कधीच ऋण होत नाही. त्या बाजूने जाणारा, ब > क असलेला प्रत्येक किरण परत फिरतो. केवळ क च्या अगदी जवळचे किरण पृष्ठभागाला लागतात. कड निर्माण करणारी प्रकाशाची वर्तुळ-कक्षाच तेथे उरत नाही. उलट दिशेच्या किरणांसाठी मात्र घनपदीला एक ऋण मूळ नेहमीच असते; क = १ ला ते −६, म्हणून ब = −७.

आपल्या जोडीचे आकडे घालून पाहू. क = ०.९२ असता विषुववृत्तावरील निरीक्षकाला काळ्या भागाच्या दोन कडा −६.८७ व २.७५ वर दिसतील. क = ३.०२ असता एका बाजूची कड −१०.०९ वर सरकते, आणि दुसऱ्या बाजूस प्रकाशकक्षेने निर्माण केलेली कड नाहीच. जी चकतीच्या त्रिज्येने लपविलेली गोष्ट होती ती किरणांनी उघड केली.

विषुववृत्ताच्या पातळीबाहेर फरक याहूनही मोठा आहे. तेथील किरणाला कार्टरचा स्थिरांक लागू होतो. तो धन असेल तर केंद्राजवळ एक प्रतिकर्षक अडसर उत्पन्न होतो व किरण मध्यापर्यंत न पोचता मागे वळतो. हा अडसर कृष्णविवरातही आहे, परंतु तो क्षितिजाच्या आत असल्यामुळे बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही. क्षितिज काढून टाकले की तो उघडा होतो. म्हणून कृष्णविवराचा जो भाग काळाकुट्ट दिसावा तेथे सुपरस्पिनारच्या चित्रात चकतीचीच आणखी प्रतिबिंबे दिसतात, आणि काळोख उरतो तो पृष्ठभागावर खरोखर आदळणाऱ्या किरणांपुरता. पृष्ठभागाची त्रिज्या ०.१ धरली व कडेने पाहिले तर क = ५/३ ला हा काळोख गोल नसून एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस निमुळता होत जाणाऱ्या पाचरीसारखा येतो. पूर्ण चकतीची अशी चित्रे स्टुखलिक व शे यांनी २०१० साली गणिताने काढली. त्यांत कर-क्षेत्रातील वेगवेगळ्या परिवलनांकांसाठी चकतीचे आकार व तिच्यावरील ताम्रसृती-नीलसृतीची वाटणी दाखविलेली आहे. प्रत्यक्ष चित्रे पाहणे शब्दांनी वर्णन करण्यापेक्षा केव्हाही बरे.

येथवर गणिताने साथ दिली. वेधांच्या बाजूने मात्र एक चमत्कारिक कोंडी आहे.

चकती पातळ व स्वच्छ असते ती जोडताऱ्यांत. परंतु ४यू १६३०−४७ सारख्या दहा-एक सूर्यांच्या वस्तुमानाची गुरुत्वीय त्रिज्या जेमतेम पंधरा किलोमीटर, आणि अंतर हजारो प्रकाशवर्षे. तिचे चित्र घेणे आजच्या कोणत्याही साधनाच्या शक्तीबाहेरचे आहे. चित्र घेता येते ते दोन प्रचंड वस्तूंचे : एम ८७ या दीर्घिकेच्या मध्याचे, जे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, व आपल्या आकाशगंगेच्या मध्याचे, जे २०२२ मध्ये झाले. वर्ध्याच्या अक्षांशावरून पहिली जागा जवळजवळ डोक्यावरून जाते. दुसरी धनु राशीत, दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर येते, व उन्हाळ्याच्या रात्री सहज दाखविता येते. एम ८७ मधील तेजोवलयाचा व्यास ४२ सूक्ष्म-विकला भरला. म्हणजे मुंबईत धरलेला चाळीस-पन्नास नंबरी सुताचा धागा वर्ध्याहून जेवढा जाड दिसेल तेवढा. हे साधले, परंतु या दोन्ही ठिकाणी पातळ चकती नाही. तेथील वायू विरळ, अतितप्त व जाड पसरलेला आहे, आणि वर दिलेली कडेची सूत्रे त्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. जेथे चकती आहे तेथे चित्र नाही, जेथे चित्र आहे तेथे चकती नाही.

एम ८७ च्या वलयाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. ते जवळजवळ वर्तुळाकार आहे, आणि त्यावरून क १ च्या आत असल्याचे सिद्ध झाले असे कित्येकदा घाईने बोलले जाते. त्या दीर्घिकेतील द्रव्यधारा आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे १७ अंशांचा कोन करते. परिवलनाचा अक्ष तिच्या दिशेने असेल तर आपण त्या वस्तूकडे जवळजवळ ध्रुवावरून पाहत आहोत. ध्रुवावरून पाहणाऱ्याला वलय देणाऱ्या, शून्य कोनीय संवेगाच्या प्रकाशकक्षा क = √(६√३ − ९), म्हणजे सुमारे १.१८ पर्यंत अस्तित्वात असतात. त्यामुळे १ आणि १.१८ यांमधील सुपरस्पिनार ध्रुवावरून कृष्णविवरासारखेच गोल वलय दाखवील. बाम्बी, फ्रीझ, वान्योत्सी व विसिनेली यांनी २०१९ च्या चित्राची गोलाई व आकारमान तपासले असता, सुपरस्पिनारची शक्यता त्यांना पूर्णपणे खोडून काढता आली नाही. ३.०२ सारख्या मोठ्या क ला मात्र ध्रुवावरून तसे वलयच मिळावयाचे नाही. तेव्हा आपल्या जोडीदारांपैकी दुसऱ्यांना, म्हणजे ५/३ च्या पुढील सर्वांना, असे चित्र गैरसोयीचे आहे. फक्त चित्रातील वलय हे गणितातील निखळ प्रकाशकक्षेचे वलय नसून भोवतीच्या वायूच्या प्रकाशाने भरलेले व अस्पष्ट झालेले आहे, हे विसरून चालणार नाही.

कोंडीतून वाट काढणारे एक साधन आहे : लोहाची वर्णरेषा. चकतीतील लोहाचे अणू ६.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला क्ष-किरण सोडतात. चकतीच्या प्रत्येक ठिकाणचा हा प्रकाश तेथील गतीने व गुरुत्वाने निरनिराळा सरकतो, आणि सर्वांची बेरीज होऊन रेषा रुंद व वाकडी बनते. चित्र दिसत नसले तरी चित्रातील प्रत्येक बिंदूची सृती व प्रखरता त्या एका रेषेत गोळा झालेली असते. चित्रे वेगळी असतील तर रेषाही वेगळी असावयास हवी. जोडीदारांची कड एक असली तरी किरणांच्या वाटा एक नाहीत. शे व स्टुखलिक यांनी २०१३ मध्ये सुपरस्पिनारसाठी अशा रेषांची गणिते प्रसिद्ध केली. न फिरणाऱ्या नग्न सिंग्युलॅरिटीपुरता चकतीच्या प्रकाशावरून भेद करण्याचा असाच विचार मुंबईच्या टाटा संस्थेतील पंकज जोशी यांनी मालाफारिना व रमेश नारायण यांच्याबरोबर २०१४ साली केला आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, आपल्या विद्यार्थ्यांना हाती घेता येण्याजोगे काम येथेच आहे. वेधांशी पडताळणी करणारे संगणकीय कार्यक्रम सामान्यतः क ला १ च्या आत ठेवूनच लिहिलेले असतात. ती मर्यादा उठवून तोच रेषेचा वेध पुन्हा जुळविणे हा दुर्बिणीवाचून, वर्ध्यात बसूनही होणारा उद्योग आहे.

या सर्वांवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की क १ पेक्षा मोठा राहील कसा? चकतीतून आत पडणारे द्रव्य, ते कोणत्याही दिशेने फिरत असो, सुपरस्पिनारचा परिवलनांक घटवीत जाते. पुरेसे द्रव्य पडल्यावर त्याने कृष्णविवर व्हावे हे ओघाने येते. कृष्णविवराच्या बाजूनेही सीमा ओलांडली जात नाही. चकतीच्या प्रकाशाचाच काही भाग परत गिळला गेल्याने क ०.९९८ च्या पुढे जात नाही, असे थॉर्न यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. दुसरा आक्षेप स्थैर्याचा. क्षितिज नसलेल्या, वेगाने फिरणाऱ्या वस्तूभोवती गुरुत्वीय लहरी वाढत जाऊन ती थोड्याच काळात मोडेल, असे पाणी, बाराउसे, बेर्ती व कार्दोसो यांच्या २०१० च्या गणितातून निघाले. त्यावर नाकाओ, जोशी, मंदार पाटील आदींनी २०१८ मध्ये उत्तर दिले : हा निष्कर्ष पृष्ठभागावर कोणत्या सीमा-अटी धराव्यात यावर अवलंबून आहे, व आत काय आहे हे ठाऊक नसताना त्या अटी ठरविता येत नाहीत, योग्य अटींनी वस्तू स्थिर राहू शकते. या उत्तराने आक्षेप नाहीसा झाला असे वाटत नाही, परंतु सिद्ध करण्याची जबाबदारी दोन्ही पक्षांवर सारखी वाटली गेली हे खरे.

सेवाग्रामच्या निबंधातील प्रश्न कोसळण्याच्या आरंभीचा होता : सिंग्युलॅरिटी उघडी जन्मते काय? वरील गणित जन्मल्यानंतरचे आहे. कोसळणाऱ्या, फिरणाऱ्या द्रव्यातून क १ पेक्षा मोठा असलेली संहत वस्तू प्रत्यक्ष निपजते असे दाखविणारे गणित अजून कोणी पुरे केलेले नाही. तोवर ४यू १६३०−४७ च्या नोंदीपुढे ०.९२ हाच आकडा लिहावयाचा. दुसरे मूळ समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.